उरलेल्या रोलमधली गल्ली

टॉकीजच्या गल्लीत नकोशीची जागा ठरलेली होती. बारामतीतल्या चंद्रमा टॉकीजच्या फाटकाला लागून एक दगडी पायरी होती. ती कुठल्याच दारापाशी जात नव्हती. पूर्वी तिथं एका आडत्याची वखार होती म्हणत. दार कधीतरी विटांनी बुजवलं गेलं आणि पायरी तेवढी राहिली. त्या पायरीवर पाटी मांडून नकोशीनं खारे शेंगदाणे, फुटाणे आणि हंगाम असेल तेव्हा भाजलेल्या शेंगा विकल्या. लग्न होऊन आली तेव्हापासून रस्ता रुंद करायला गल्ली पाडली तोवर, तिचं सगळं तरुणपण त्या पायरीवर गेलं.

नवरा सावळाराम त्याच टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. अंगात खाकी शर्ट, हातात बॅटरी. तिकीट फाडून अर्धं परत द्यायचं आणि उशिरा आलेल्याला अंधारात खुर्चीपर्यंत पोचवायचं. नवरा फाटकाच्या आत आणि बायको फाटकाच्या बाहेर, असा दोघांचा संसार चालला. मध्यंतराला तो आतून दार उघडायचा आणि माणसांचा लोंढा एकदम तिच्या पाटीवर येऊन पडायचा. तेवढ्यात पुड्या बांधून हातावेगळ्या करायच्या. घंटा झाली की गल्ली पुन्हा रिकामी.

टॉकीज पडल्यावर सावळाराम फार जगला नाही. नकोशीनं काही वर्षं नव्या रस्त्याच्या कडेला गाडा लावून पाहिला, पण तिथं पायी चालणारं माणूसच कमी आणि मोटारवाला शेंगदाण्यासाठी थांबत नाही. पुढं गुडघे गेले. मुलगा रणजित एका डेअरीच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. त्यानं काटेवाडीला दोन खोल्या बांधल्या आणि आईला घेऊन गेला. सून रेश्मा, नात संस्कृती, दारात दोन गाई. नकोशीचं तिथं बरं चाललं होतं. गल्लीची आठवण ती स्वतःहून काढत नसे. दुसऱ्या कुणी काढलीच तर म्हणायची, त्या गल्लीत बायामाणसाला जायला एक आडोसा नव्हता, त्याच्यात आठवायचं काय.

नात बारामतीला कॉलेजात जाते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती मोबाइल पुढं धरूनच घरात आली. जुन्या बारामतीचे फोटो टाकणारा कुठलासा ग्रुप होता आणि त्यात टॉकीजच्या गल्लीचा एक काळापांढरा फोटो आला होता. वरच्या मजल्यावरून काढलेला. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणाला फाटकावरचा रंगवलेला बोर्ड आठवत होता, कुणाला तासावर भाड्यानं मिळणारी सायकल, कुणाला पानाच्या दुकानातला आरसा. लिहिणारे निम्मे लोक आता पुण्या-मुंबईला राहणारे होते. एकानं विचारलं होतं, पायरीवर बसणारी ती शेंगदाणेवाली कुणाला ठाऊक आहे का, तिचं पुढं काय झालं?

"आजी, ही तूच ना?" संस्कृतीनं विचारलं.

नकोशीनं मोबाइल आधी जवळ घेतला, मग हात ताठ करून लांब धरला. "मीच हाय," ती म्हणाली. "ह्ये लुगडं तुझ्या आज्यानं दिवाळीला आणल्यालं." मग तिनं मोबाइल परत दिला आणि गाईंना वैरण टाकायला उठली.

फोटो कुणी काढला हेही तिथं लिहिलेलं होतं. टॉकीजच्या समोर, कापडाच्या दुकानावर दत्तोपंतांचा स्टुडिओ होता. नकोशीला ते चांगले आठवत होते. पातळ शरीराचे, कमी बोलणारे. रोज दुपारी खाली उतरून फुटाणे न्यायचे. त्यांनी आपला फोटो काढलाय हे मात्र तिला आजच कळत होतं. ते वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी विनया, बँकेतून निवृत्त झालेली, तिनं घरातली निगेटिव्हची खोकी उघडली होती. त्या काळी गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी घाई करायचं आणि रोल संपल्याशिवाय धुता यायचा नाही. मग दत्तोपंत गॅलरीत यायचे आणि उरलेल्या दोन-चार जागांवर समोरची गल्ली काढून रोल संपवायचे. असं त्यांनी आयुष्यभर केलं. त्या फोटोंना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ते कधी छापले गेले नाहीत. आता विनयाताईंनी ते सगळे कॉम्प्युटरवर घेतले होते आणि निवडक फोटोंचं प्रदर्शन बारामतीत एका हॉलमध्ये लागणार होतं.

सकाळी चहा पिताना नकोशीनं नातीला विचारलं, "त्या बाईकडं अजून लई फोटू असत्याल न्हवं?"

असतील की, संस्कृती म्हणाली. का?

"माझी आई असंल एखाद्यात."

नकोशीचं माहेर निरवांगीचं. बापाची थोडी जिरायत जमीन, आणि तीन मुलींवर ही चौथी. बारशाला नाव नकोशी ठेवलं, म्हणजे पुढं तरी मुलगा होईल. पुढं झालाही. त्याचं नाव युवराज. नकोशीच्या नावाचं शाळेत हसं व्हायचं, पण शाळाच दोन वर्षांत सुटली. आईचं नाव झुंबर. लग्नानंतर ही आई लेकीला भेटायला वर्षातून दोन-तीनदा बारामतीला यायची. निरवांगीहून निमगाव केतकीपर्यंत मिळेल त्या गाडीनं किंवा चालत, तिथून एसटीनं. घरी बसून पाहुणचार घेणं तिला जमत नसे. गाठोडं खोलीत टाकलं की ती थेट पायरीवर येऊन बसायची आणि रद्दीच्या पुड्या वळायला लागायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, आज दोन शेंगदाणेवाल्या आहेत.

एकदा जावयानं आग्रह करून तिला आत नेलं, चांगल्या खुर्चीवर बसवलं. मध्यंतर व्हायच्या आत म्हातारी बाहेर. एवढ्या माणसांना अंधारात कशाला बसवून ठेवतात, असं तिनं लेकीलाच रागानं विचारलं. पुन्हा कधी ती आत गेली नाही.

त्याच पायरीवर एकदा, गिऱ्हाईक नसताना, नकोशीनं आईला विचारलं होतं की माझं नाव असं का ठेवलंस.

"म्या न्हाय ठिवलं," आई पुडी वळता वळता म्हणाली. "ठिवलं तवा म्या बाजंवर पडल्याली. म्या तुला चिमा म्हणत हुते. इसारलीस व्हय?"

नकोशी विसरली नव्हती. पण आई घरात, चार माणसांत, तिला चिमा म्हणायची नाही, पायरीवर म्हणायची.

आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. बापाचा होता. साखर कारखान्याचा सभासद व्हायचं म्हणून त्यानं इंदापूरला जाऊन काढून घेतला होता, तोच पुढं मोठा करून निरवांगीच्या घरात लावला. आई कशाची सभासद नव्हती. सुरुवातीला नकोशीला वाटलं, आईचा चेहरा काय विसरायची गोष्ट आहे. पण वर्षं गेली तसं तिच्या लक्षात आलं की हात आठवतात, बसणं आठवतं, खाकरणं आठवतं, आणि चेहऱ्याच्या जागी तिन्ही थोरल्या बहिणींचे चेहरे येतात. त्या तिघीही आता नव्हत्या.

प्रदर्शनाला रणजितनं दोघींना मोटारसायकलवरून एकामागून एक सोडलं. हॉलमध्ये गर्दी बरी होती. फोटो मोठे करून भिंतींवर लावले होते. पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ फोटोसमोर उभे राहून बरोबरच्या तरुण मंडळींना सांगत होते की इथं पहिल्या खेळाला कशी झुंबड उडायची, आम्ही शाळा बुडवून कसे यायचो, आता अशी गल्ली होणे नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. नकोशी त्यांच्या पाठीमागून फोटो बघत होती. गल्लीतली गटारं तिला फोटोतही दिसत होती.

पहिल्या भिंतीवरच्या तीन फोटोंत ती स्वतः होती. एकात अगदी कोवळी, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. एकात पोट पुढं आलेलं, म्हणजे रणजितच्या वेळचं. एकात नुसती पाठ. संस्कृतीनं प्रत्येक वेळी बोट दाखवलं आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा वाढला, तेव्हा आजूबाजूच्यांना कळलं. या त्याच मावशी! लोकांनी तिला फोटोशेजारी उभं केलं आणि मोबाइल काढले. पांढऱ्या कपड्यांतल्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि तुमच्या फुटाण्यांची चव अजून जिभेवर आहे म्हणाले. नकोशी सगळ्यांना हो हो म्हणाली, पण तिचं लक्ष भिंतींकडं होतं. सगळ्या भिंती फिरून झाल्या. आई कुठंच नव्हती.

विनयाताई दाराजवळच्या टेबलापाशी होत्या. नकोशीनं त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मात्र हिला लगेच ओळखलं. लहानपणी त्या वडिलांच्या मागं मागं जिना उतरून यायच्या आणि नकोशी त्यांच्या फ्रॉकच्या खिशात मूठभर फुटाणे टाकायची. आम्ही मावशींना न विचारता त्यांचे फोटो लावले, असं त्या थोड्या संकोचानं म्हणाल्या.

"त्याचं काय न्हाय, ताई," नकोशी म्हणाली. "माझी आई मधूनमधून यायची. ती कुठं घावती का, येवढं बघायचं हाय."

हॉलमध्ये लावलेत त्याच्या कितीतरी पट फोटो घरी कॉम्प्युटरवर आहेत, विनयाताईंनी सांगितलं. प्रदर्शन संपल्यावर घरी या, निवांत बघू.

विनयाताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट होती हे बरं झालं. संस्कृती आजीला सोडून तासाला गेली आणि दोघी जणी दुपारभर पडद्यासमोर बसल्या. विनयाताई एकेक फोटो पुढं सरकवायच्या, नकोशी बघायची आणि मान हलवायची. आधी नुसती मान हलवायची, मग हळूहळू बोलायला लागली. हे सायकलवाल्याचं दुकान, याचा पंप सगळी गल्ली वापरायची. हा बोर्ड पडला त्या वादळात आमचा पत्राही उडाला. हे फाटकात खाकीत उभे आहेत ते आमचे. तिथं ती जरा थांबली. सावळाराम कुणाशी तरी बोलत होता, कमरेवर हात ठेवून, दात दिसत होते. एवढे मोकळे हसायचे ते, ती म्हणाली, घरात कधी दिसलं नाही.

पुढच्या फोटोंत रोल रंगीत झाले आणि गल्ली बदलत गेली. स्कूटर आल्या, टेलिफोनचं पिवळं खोपटं आलं, टॉकीजच्या भिंतीला पोपडे आले. आणि मग एका फोटोत सगळ्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा. कुठपर्यंत पाडायचं त्याच्या. विनयाताई म्हणाल्या, बाबांनी हा शेवटचा काढला, त्या आठवड्यात आम्हीही स्टुडिओ रिकामा केला. पाडापाडी ते बघायला गेले नाहीत.

"म्या गेलते," नकोशी म्हणाली. "पायरी निघता निघंना. मशीन लावावं लागलं."

आई आत्तापर्यंत आली नव्हती. शेवटचा फोटो होऊन गेला होता. विनयाताईंना वाईट वाटलं. मग त्यांना आठवलं की काही निगेटिव्ह खराब झाल्या होत्या म्हणून त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. कडा खाल्लेल्या, डाग पडलेल्या. त्याही त्यांनी उघडल्या.

चौथा की पाचवा असेल. उन्हाची वेळ. डाव्या बाजूला डागानं पानाचं दुकान गिळलेलं. गल्ली जवळजवळ रिकामी, एक कुत्रं, एक टेकवून ठेवलेली सायकल. पायरीपाशी नकोशी उभी राहून कुणाला तरी सुटे पैसे देत होती. आणि पायरीवर, पाटीच्या मागं, नऊवारीतली एक म्हातारी बाई. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ रस्त्याकडं पसरलेला.

"थांबा," नकोशी म्हणाली.

तो पाय तिच्या आईचाच होता. विहिरीवर पडल्यापासून तो गुडघा वाकायचा नाही. बसली की तो असाच पसरलेला असायचा आणि येणारे-जाणारे ठेचकाळायचे. दुसरं म्हणजे, गल्लीत कुणीही वर बघत नव्हतं, फक्त ती बघत होती. हातातली पुडी अर्धी वळून थांबलेली आणि मान वर करून थेट गॅलरीकडं, दत्तोपंतांच्या कॅमेऱ्याकडं. हा माणूस तिथं काय करतोय, असं बघणं.

चेहरा मसुराच्या दाण्याएवढा होता. विनयाताईंनी तो मोठा केला. नाक दिसलं, कुंकू दिसलं. अजून मोठा केला, तसे डोळे पसरले. अजून मोठा केला तेव्हा नुसते काळे-पांढरे ठिपके उरले, त्यात कुणीच नव्हतं.

नकोशी बराच वेळ ठिपक्यांकडं बघत राहिली.

"मागं घ्या, ताई," ती म्हणाली. "लांबनंच दिसतीया ती."

विनयाताईंनी मागं घेतलं. आई पुन्हा दिसायला लागली. मग त्यांनी सुचवलं की आजूबाजूचं सगळं काढून टाकू, पायरीपाशी तुम्हा दोघींचाच फोटो करू, छान फ्रेम होईल. तसा करूनही दाखवला. नकोशीनं तो नीट पाहिला. बाजूची भिंत गेली, फाटक गेलं, गिऱ्हाईक गेलं, सायकल गेली, आणि दोन बायका उरल्या, कुठल्याही गावच्या वाटाव्यात अशा. आईची मान वर होती, पण ती कुणाकडं बघतेय तेही कळेना.

"समदं असू द्या," ती म्हणाली. "गल्लीसकट."

विनयाताईंनी गल्लीसकट दोन मोठ्या प्रती छापून दिल्या, डागासकट. घेताना नकोशीनं पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून त्यांना दिली. घरी भाजून आणले होते. त्यांनी तिथंच दोन दाणे तोंडात टाकले.

एक प्रत काटेवाडीच्या घरात लागली. दुसरी घेऊन रणजितनं सुट्टीच्या दिवशी आईला निरवांगीला नेलं. भाऊ युवराज आता थकला होता. ऊस त्याचा मुलगा बघत होता. ओसरीवर बसून त्यानं फोटो मांडीवर घेतला, चष्मा लावला, आणि बराच वेळ बघून म्हणाला, "अक्का, ही आई न्हाय."

नकोशीला हे अपेक्षित नव्हतं. आई अशी रस्त्यात पाय पसरून बसणाऱ्यातली नव्हती, भाऊ म्हणत होता. आई उंच होती. आईनं कधी कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. ही कुणीतरी बारामतीची बाई आहे, तुझ्या शेजारी बसलेली.

नकोशी वाद घालायच्या बेतात होती. मग तिच्या मनात आलं की यानं आईला पाहिलं ते या घरात, चुलीपाशी, बापासमोर. पायरीवरची आई यानं पाहिलेलीच नाही.

युवराजची बायको विजयमाला चहा घेऊन आली. कप खाली ठेवून तिनं वाकून फोटो पाहिला. "ह्या आत्याबाईच की," ती म्हणाली. "पाय बघा की त्यो. म्या शेवटली चार वर्सं तेल लावलंय त्या गुडघ्याला."

युवराजनं पुन्हा बघितलं. यावेळी त्यानं बोटानं पाय झाकला, मग बोट काढलं. "गुडघा तसाच हाय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "बारामतीत ती पायरीवर बसायची, ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाय."

"तू इच्यारलं न्हाईस," नकोशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं त्याला सांगायला सुरुवात केली. टॉकीजमधून आई कशी तावातावानं बाहेर आली ते सांगितलं, तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि खोकला लागून त्याला पाणी द्यावं लागलं. चिमा म्हणायची ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिनं स्वतःपाशीच ठेवलं.

फोटो लावायची वेळ आली तेव्हा अडचण झाली. भिंतीवर मधोमध बापाचा फोटो होता आणि गल्ली त्याच्या शेजारी मावत नव्हती, एवढी ती आडवी होती. दोन्हीकडं मोजून बघितलं. शेवटी युवराजनं खुर्चीवर चढायला मुलाला बोलावलं, बापाचा फोटो काढायला लावला आणि तो आतल्या दारावर, देवघराच्या अलीकडं ठोकला. मधल्या जागेवर टॉकीजची गल्ली आली.

निरवांगीत अजून तो फोटो आहे. येणारं-जाणारं माणूस ओसरीवर टेकलं की विचारतं, हे कुठलं गाव हो? युवराज सांगतो की बारामती, आता यातलं काही राहिलेलं नाही. मग तो उठतो आणि काठीच्या टोकानं दाखवतो: हे टॉकीजचं फाटक, इथं आमचे दाजी असायचे, ही सायकल कुणाची ठाऊक नाही, ही आमची अक्का, आणि ही वर बघतेय ती आमची आई.